फोनचा दिवा करण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंपासून शोभेच्या वस्तू कशा कराव्यात, यावर सचित्र लेख आला आहे. त्यातल्या तिसऱ्या छायाचित्रात काळ्या बेकलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचा, टेलिफोन आहे. रिसीव्हर उभा करून त्यावर शेड चढवली आहे, पोटातून वायर बाहेर काढली आहे आणि नंबर फिरवायची तबकडी होती तिथे दिव्याचे बटण बसवले आहे. शेजारी कृती दिली आहे. तिच्यातली दुसरी पायरी मी तीनदा वाचली : ‘आतील निरुपयोगी सुटे भाग काढून टाकावेत.’

माझी तक्रार त्या ‘निरुपयोगी’बद्दल आहे. पत्र लांबणार, हे मला माहीत आहे. कापायचे तिथे कापा, फक्त शेवटचा परिच्छेद ठेवा. त्यात माझा स्वार्थ आहे.

मी टेलिफोन ऑपरेटर होते. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत जायला मध्ये तिसऱ्याचा हात लागायचा, त्या काळात तो हात माझा होता. समोर उभा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, खाली दोरांच्या जोड्या. कोणी रिसीव्हर उचलला की त्याच्या भोकापाशी बोटाच्या पेराहून लहान दिवा लागायचा. मागच्या दोराची पिन तिथे खुपसायची, नंबर विचारायचा, पुढच्या दोराची पिन मागितलेल्या नंबरात घालायची आणि चावी ओढून घंटी द्यायची. त्या पिनेच्या टोकाला ‘टिप’ म्हणतात आणि टोकामागच्या कड्याला ‘रिंग’. बोर्ड केव्हाच भंगारात गेले, पण लाईनच्या दोन तारांना टेलिफोनवाले अजून टिप आणि रिंगच म्हणतात. माझ्या नोकरीची तेवढी खूण राहिली आहे.

मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आले, तबकडी आली आणि बोर्ड गेला. मला दुसरे टेबल मिळाले, पगार चालू राहिला, त्यामुळे रडगाणे गाण्यासारखे काही नाही. तरी तबकडीवर माझा राग होता. तो अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण ते यंत्र निघालेच मुळी आम्हाला घालवण्यासाठी. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. गोष्ट अशी सांगतात की, त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरकडे येणारे फोन ती नवऱ्याकडे वळवायची. चिडून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारे एक्स्चेंज शोधून काढले. १८९१ साली पेटंट मिळाले आणि १८९२ च्या नोव्हेंबरात इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी ते सुरूही झाले. त्या बाईची बाजू कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. बोर्डावर इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे की, ती निर्दोष असावी आणि स्ट्रोजरचा धंदाच मंदावलेला असावा.

गंमत म्हणजे आम्हा बायकांना बोर्डावर आणले तेही स्वभाव बघून. आधी या कामावर तारखात्यातली पोरे ठेवली होती. ती ग्राहकांना उलट बोलायची, आपापसांत मारामाऱ्या करायची. म्हणून १८७८ च्या १ सप्टेंबरला बोस्टनमध्ये एम्मा नट या तरुणीला घेतले. ती पहिली स्त्री ऑपरेटर. चौदा वर्षांत आमच्या गोड बोलण्यावर उपाय निघाला!

तर अशी मी. फोन उघडून बघायची वेळ नोकरीत कधी आली नाही. आम्ही बोलायचो, उघडायला मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी शेजारचा मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक धूड घेऊन आला. ‘काकू, तुम्ही टेलिफोनमध्ये होतात ना? आजोबांचा आहे, बंद आहे. बघता का?’ मी ऑपरेटर होते, मेकॅनिक नव्हते, असे सांगायला तोंड उघडले होते. पण त्याने तो टेबलावर ठेवला आणि मी पेचकस शोधायला उठले.

त्या दिवशी आत जे दिसले, त्याला आपली पुरवणी निरुपयोगी म्हणते. म्हणून काय दिसले ते सांगते.

दोन पितळी घंटा, त्यांच्यामध्ये एक हातोडी आणि तिच्यामागे तारेची दोन रिळे. शेजारी पत्र्याच्या डबीत कंडेन्सर. एक इंडक्शन कॉइल. रिसीव्हर उचलला की उघडमीट होणाऱ्या पात्यांची चवड. आणि तबकडीच्या पाठीमागे घड्याळासारखे चाकांचे काम. एवढ्यात सगळे आले. एकही चिप नाही, एकही भाग असा नाही की ज्याचे काम नुसत्या डोळ्यांनी बघून कळणार नाही.

कंडेन्सर घ्या. एक्स्चेंजकडून लाईनवर साधारण पन्नास व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, कायम उभी असते. घंटी मात्र वाजते एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, पाऊणशे ते नव्वद व्होल्ट आणि सेकंदाला वीस-पंचवीस हेलकावे. कंडेन्सर डीसीला आत सोडत नाही, एसीला सोडतो. त्यामुळे घंटी रात्रंदिवस लाईनला जोडलेली राहते आणि तरीही स्वतःहून काही खात नाही. इंडक्शन कॉइलचे काम तर मला ऐकून माहीत होते, फक्त तिचे नाव माहीत नव्हते. आपलाच आवाज आपल्या कानात मोठ्याने ऐकू आला की माणूस नकळत हळू बोलतो आणि मग पलीकडच्याला ऐकू जात नाही. नंतरच्या फोनांमध्ये ही कॉइल आपला आवाज आपल्याच रिसीव्हरमध्ये पुरता येऊ देत नाही, थोडासाच येऊ देते. ‘जरा मोठ्याने बोला’ असे मी आयुष्यात हजारो वेळा म्हटले असेल. त्यातले निम्मे तरी ही कॉइल नसण्याच्या नावावर टाकायला हवे होते, हे तेव्हा समजले.

बोलायच्या बाजूचे झाकण उघडले की एक डबी निघते. ती कानाशी हलवली की वाळूसारखी खुळखुळते. आत कोळशाचे कण असतात. आपण बोलतो तेव्हा पडदा थरथरतो, कण कमीअधिक दाबले जातात आणि त्यांच्यातून वाहणारा प्रवाह आवाजाप्रमाणे कमीजास्त होतो. कोळशाचा मायक्रोफोन म्हटला की एडिसनचे नाव येते, पण सुटे कण वापरायची कल्पना हेन्री हनिंग्ज या इंग्लंडमधल्या पाद्र्याची, १८७८ ची. ती पुढे शंभर वर्षे पुरली. वर्षानुवर्षे न हलता पडून राहिले की हे कण एकमेकांना चिकटून बसतात आणि आवाज घोगरा होतो. पुष्कळ वेळा त्यावर इलाज एकच. रिसीव्हर आडवा धरून तळहातावर दोन-चार थापट्या द्यायच्या. शेजारच्या मुलाचा फोन मी बरा केला तो खरे तर एवढ्यावर, आणि कॉर्डची एक सुटलेली तार पुन्हा पेचात घालून. त्याला वाटले, मला विद्या येते. मला वाटले, शिकायला हवी.

शिकताना मी जे वाटोळे केले तेही सांगते, नाहीतर हे पत्र म्हणजे शहाणपणा शिकवणे होईल.

दुसरा फोन हाती आला त्याचा बेकलाइट निस्तेज होऊन तपकिरी झाला होता. मी बारीक पॉलिशपेपर घेतला आणि घासत बसले. बेकलाइट म्हणजे लिओ बेकलँडने १९०७ साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून तयार केलेले प्लॅस्टिक. एकदा साच्यात तापवून घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. त्यात भर म्हणून बहुतेक वेळा लाकडाचा भुसा घातलेला असतो. साच्यातून निघताना वर राळेचा जो गुळगुळीत थर येतो, तीच त्याची चकाकी. तो थर मी घासून काढला आणि खालचा भुसा उघडा पडला. आता कितीही पॉलिश करा, तो भाग मातकटच दिसतो. शिवाय जुन्या काही बेकलाइटमध्ये भुशाऐवजी ॲस्बेस्टॉस असायचे, हे मला पुढे कळले, म्हणजे ती पूड हुंगणे हा वेगळाच धोका. आता मी ओल्या फडक्याने आणि साध्या साबणाने पुसते, लगेच कोरडे करते आणि मग पितळ घासायचे पातळ पॉलिश मऊ कापडावर घेऊन फार हलक्या हाताने फिरवते. कापड तपकिरी होते तिथे थांबते. एकेका फोनला दोन-तीन संध्याकाळी लागतात. चकाकी पूर्वीसारखी येत नाही. येऊही नये, त्याचे वय लपवायचे कारण काय?

तिसऱ्या फोनच्या वेळी तेल. तबकडी हळू फिरत होती, म्हणून मी तिच्या मागच्या सगळ्या चाकांना तेल पाजले. ती हळूची एकदम सुसाट झाली.

इथे तबकडीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जिच्यावर राग धरला तिच्याच प्रेमात मी पडले आहे. बोट घालून आपण ती फिरवतो तेव्हा लाईनवर काहीच घडत नाही. आपण फक्त स्प्रिंगला चावी देत असतो. बोट काढले की ती परत येऊ लागते आणि येताना लाईन तोडते-जोडते. तीन फिरवले तर तीनदा, नऊ फिरवले तर नऊदा, शून्याला दहादा. सेकंदाला दहा ठोके, हे माप. शून्य फिरवून सोडले की परतीला सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, मी तो स्टॉपवॉचने बघते. आपण घाईने फिरवा की सावकाश, परतीचा वेग बदलत नाही, कारण पाठीमागे एक गव्हर्नर असतो. पेन्सिलीच्या टोपणाएवढ्या वाटीत फिरणारी दोन चिमुकली वजने. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि वाटीच्या भिंतीला घासतात, वेग कमी झाला की आत येतात. ते घासणे हाच ब्रेक, आणि मी नेमके तिथेच तेल ओतले होते. आता तेलाचा थेंब फक्त आसांच्या टोकांना, तोही सुईच्या अग्रावर मावेल एवढा, आणि वाटी कोरडी ठणठणीत. परत येताना तबकडीचा जो घुर्र आवाज येतो तो या गव्हर्नरचा. तो एकसुरी असला की तबकडी निरोगी, मध्येच अडखळला की कुठेतरी दातात कचरा.

आणखी एक छोटी करामत. तबकडी जागेवरून हलली की दोन पाती एकमेकांना चिकटतात आणि रिसीव्हरचे तोंड बंद करतात, ती परत आली की सोडतात. कशासाठी? ठोक्यांचा ‘टक टक’ आवाज फिरवणाऱ्याच्या कानावर आदळू नये म्हणून. ज्याने हे पहिल्यांदा केले त्याच्या कानाला स्वतःला त्रास झाला असावा.

कॉर्डबद्दल दोन वाक्ये. जुन्या विणलेल्या कॉर्डच्या आत साधी तार नसते. दोऱ्यावर गुंडाळलेली कागदासारखी पातळ तांब्याची पट्टी असते, म्हणूनच ती लाखो वेळा वाकूनही तुटत नाही. तिला डाख द्यायला गेले की दोरा जळतो आणि हातात राख येते. तिला पेचाखाली चिमटायचे किंवा बारीक तारेने बांधायचे, डाख विसरायचा.

आता मूळ तक्रारीकडे येते. काढून टाकलेला भाग निरुपयोगी होता की नाही, हे काढणाऱ्याला त्या वेळी कळत नाही. मलाही कळले नव्हते.

माझ्याकडे एक फोन आला तो सगळ्या बाबतीत ठणठणीत होता, फक्त नंबर चुकीचे लागायचे. मी शेजारणीला लावला, तो भलत्याच घरी लागला. तीन वेळा तबकडी उघडली, पाती पुसली, वेग मोजला. सगळे बरोबर. तबकडीवरचे आकडे उलट्या क्रमाने होते, पहिल्या भोकात नऊ, मग आठ, शेवटी एक आणि शून्य. हे मला दिसत होते, पण कोणीतरी दुरुस्त करताना चुकीची चकती बसवली असणार असे मी धरून चालले होते. बदली चकती काढूनही ठेवली होती. मग सहज ठोके मोजले. तीन फिरवले की सात ठोके, आठ फिरवले की दोन. पाच फिरवले की मात्र पाचच आणि शून्याला दहाच. दरवेळी बेरीज दहा. तेव्हा ट्यूब पेटली. हा फोन न्यूझीलंडचा होता. तिथे तबकडीवरचे आकडे असेच उलटे असायचे आणि तिथली एक्स्चेंजेस ठोके त्याच हिशेबाने वाचायची. ब्रिटनमध्ये तातडीचा नंबर ९९९ आणि न्यूझीलंडमध्ये १११ का, याचे उत्तर माझ्या टेबलावर पडले होते. तिथे एक फिरवला की नऊ ठोके जातात, म्हणजे दोन्ही नंबर तारेवर एकच. ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांना ते सोयीचे होते. नॉर्वेत ऑस्लोच्या तबकड्याही अशाच उलट्या असायच्या, आणि स्वीडनमध्ये शून्य एकाच्या आधी, म्हणजे शून्याला एक ठोका आणि बाकी सगळ्यांना एक-एक जास्त.

ती चकती मी ‘दुरुस्त’ केली असती तर फोन माझ्या लाईनवर बिनबोभाट चालला असता आणि तो कुठून आला हे सांगणारी एकमेव गोष्ट डब्यात गेली असती. त्या दिवसापासून मी एक नेम केला. जे काढेन ते पाकिटात घालून त्याच फोनच्या पोटात ठेवायचे, आणि काय काढले, काय घातले, केव्हा, हे चिठ्ठीवर लिहून तीही आत ठेवायची. माझ्यानंतर जो उघडेल त्याला मी केलेले पुन्हा मोडता यायला हवे. म्हणून डिंक नाही, नवा रंग नाही, नवी भोके नाहीत. मेकॅनिकने आत पेन्सिलीने लिहिलेली तारीख असेल तर ती पुसत नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या फोनांत तर घंटी, तबकडी, रिसीव्हर अशा प्रत्येक भागावर महिना-वर्षाचा शिक्का असतो. सगळे शिक्के जुळले तर फोन जन्मापासून तसाच आहे, असे संग्राहक मानतात. न जुळले तर तो कुठे कुठे दुरुस्तीला गेला याचा तो दाखला. मला दुसऱ्या प्रकारचे जास्त आवडतात.

तबकडीच्या मध्यावरचा नंबराचा कागदही फेकू नये, पिवळा पडला असला तरी. फोनला नंबर असतो हे आपण गृहीत धरतो, पण सुरुवातीला नंबर नव्हतेच, लोक नाव सांगायचे आणि ऑपरेटरला सगळी नावे पाठ असायची. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या लोवेल गावी गोवराची साथ आली. तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांना भीती वाटली की चारही ऑपरेटर आजारी पडले तर बदली माणसांना नावे कुठून माहीत असणार, म्हणून त्यांनी ग्राहकांना नंबर द्यायला सुचवले. म्हणजे नंबर आले ते आमच्या आजारपणाच्या धास्तीने. मी हे माझ्या जुन्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या फार खूश होतात.

आपल्या छायाचित्रातल्या फोनबद्दलही सांगते, कारण तो काही असातसा नाही. आडवा रिसीव्हर, खाली पसरत जाणारे कोन, सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे. हे रूप एरिक्सनच्या १९३१ च्या फोनपासून आले आणि त्याला आकार दिला तो जाँ हाइबर्ग या नॉर्वेजियन चित्रकाराने. त्याआधीचे टेबलावरचे बरेचसे फोन खांबासारखे उभे असायचे आणि घंटी भिंतीवरच्या वेगळ्या पेटीत. ब्रिटनच्या ३०० मालिकेचे फोन, ज्यांचे नंतर जगभर अनुकरण झाले, ते याच घराण्यातले. घंटी, कॉइल, कंडेन्सर हे सगळे एका सुबक कवचात मावले, याचेच त्या वेळी कौतुक होते. त्याच फोनचे पोट रिकामे करून कवचाचे कौतुक करायचे, हे मला जमत नाही.

कोणी म्हणेल, ठेवून तरी उपयोग काय, आता या फोनांवर बोलता येते कुठे? अर्धे खरे आहे. ठोक्यांऐवजी टोन पाठवणारे बटणांचे फोन १९६३ पासून आहेत, आणि आजची बरीचशी यंत्रे तबकडीचे ठोके ओळखतच नाहीत. तांब्याच्या तारांच्या लाईनीही अनेक देशांत बंद होत आहेत. पण ठोक्यांचे टोनमध्ये रूपांतर करणारे छोटे जोड मिळतात, इंटरनेटवरून फोन देणाऱ्या काही डब्यांना ठोके अजूनही समजतात आणि घंटीही वाजवता येते. मी तर एक छोटे खासगी एक्स्चेंज मिळवून घरातल्या घरात पाच फोन जोडले आहेत. माझ्या नातवाला त्यांचा उपयोग मला हाका मारण्याऐवजी होतो. एकच काळजी घ्यावी. घंटी वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नये, झटका बसतो. मी एकदा घेतला आहे, पुरे.

आणि झटक्यावरून आठवले. लेखात जी कृती दिली आहे ती धोक्याचीही आहे. त्या फोनचा तळ पत्र्याचा असतो, आत जागोजागी उघडे धातूचे पेच असतात आणि कापडी कॉर्डचे आवरण ऐंशी वर्षांचे. ते सगळे टेलिफोनच्या लाईनच्या हिशेबाने बनवलेले. त्यात घरातली वीज खेळवायची आणि वर मुलांच्या खोलीत ठेवायला सुचवायचे, याला शोभा म्हणत नाहीत. इतर कशासाठी नाही, तरी एवढ्यासाठी आपण पुढच्या अंकात खुलासा छापावा.

दिव्याला माझा सरसकट विरोध आहे असेही नाही. ज्याचे आतले सगळे केव्हाच गेले आहे, कवच तडकले आहे, त्याचा करा दिवा. ठोकळा फेकण्यापेक्षा बरे. पण कवच धड, तबकडी फिरते, आणि फक्त ‘बंद आहे’ म्हणून पोट फाडायचे असेल तर आधी रिसीव्हर आडवा धरून दोन थापट्या मारून बघा.

आता माझा स्वार्थ. दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका बाईंनी त्यांचा असाच एक दिवा मला दिला. त्यांना कंटाळा आला होता आणि बल्ब लागत नव्हता. आतला ऐवज दिवा करणाऱ्याने फेकून दिला होता. तळाला वायरसाठी पाडलेले भोक सोडले तर कवच उत्तम आहे. कॉइल आणि कंडेन्सर मला एका फुटलेल्या फोनमधून मिळाले, तबकडी दुसऱ्यातून, हातोडी आणि रिळे तिसऱ्यातून. परवा लाईनला जोडला, तर आवाज येतो ‘टण-ठक, टण-ठक’, कारण घंटा एकच आहे. ती करणाऱ्याला सुंदर वाटली म्हणून त्याने शेडखाली शोभेला लावली होती, त्यामुळे वाचली. जोडीतल्या दोन घंटा दिसायला सारख्या असतात पण सूर वेगळे असतात, म्हणूनच फोन वाजतो तेव्हा एका आवाजाचा कंटाळा येत नाही. माझ्याकडची ओठापासून ओठापर्यंत ५५ मिलिमीटर भरते, मधले भोक किंचित एका बाजूला आहे. ते तसेच हवे, घंटा फिरवून हातोडीपासूनचे अंतर जुळवायला. आपल्या वाचकांपैकी कोणी त्या लेखाप्रमाणे दिवा करायला घेतला असेल आणि दुसरी पायरी नुकतीच पार पडली असेल, तर तो डबा अजून कचऱ्यात टाकू नये. आतली घंटा दोऱ्याला टांगून तिला पेन्सिलीने टिचकी मारावी आणि माझा पत्ता आपल्या कार्यालयातून घ्यावा. माझ्याकडची खालच्या सुरात वाजते, मला वरची हवी आहे.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
(नाव छापू नये ही विनंती)